चार तासांची लस

आमच्या घराला दोन दारं होती. पुढच्या दारावर निळ्या अक्षरांत ‘उपकेंद्र’ लिहिलेलं होतं आणि मागच्या दाराला अब्बांनी उरलेल्या कापडाच्या पट्ट्या जोडून शिवलेला पडदा होता. पुढं दवाखान्याची एक खोली, मागं आमच्या दोन, आणि मध्ये अशी पातळ भिंत की पलीकडं बाळ रडलं तर इकडं माझ्या वहीतली ओळ वाकडी व्हायची. अम्मी त्या उपकेंद्राची नर्स. गाव तिला नर्सबाई म्हणायचं. अब्बा शिंपी होते. अम्मीची बदली जिथं होईल तिथं त्यांचं मशीन जायचं, मागच्या ओसरीत मांडलं जायचं आणि आठवड्याभरात गावातल्या पोरांच्या चड्ड्या शिवायला लागायचं. यात त्यांना कधी कमीपणा वाटल्याचं मला दिसलं नाही. मी त्यांची एकुलती एक. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण माझी शाळा मराठी, आणि आज कितीतरी वर्षं मी मराठीच शिकवते आहे, त्यामुळं अम्मी-अब्बांचं बोलणंही इथं बहुतेक मराठीतच उतरलं आहे. गाव परंडा तालुक्यातलं. नाव लिहीत नाही. ज्या घरची हकिगत सांगायची आहे त्या घरची माणसं अजून तिथं राहतात.

बुधवार हा लसीचा दिवस. त्या दिवशी मला जाग यायची ती स्टोव्हच्या आवाजानं. अम्मी काचेच्या सिरिंज आणि सुया कुकरसारख्या दिसणाऱ्या एका भांड्यात, जाळीच्या खणांत नीट मांडायची आणि वाफेवर ठेवायची. वीस मिनिटं. तेवढा वेळ ती स्टोव्हपाशीच उभी असायची, हातातल्या घड्याळाकडं बघत. कित्येक वर्षं मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी बुधवारी कुकरात सुया शिजतात. नऊच्या सुमारास शिपाई सायकलच्या कॅरिअरला बांधून निळी पेटी आणायचा. पेटीत चारी बाजूंनी गोठवलेल्या पाण्याच्या चपट्या बाटल्या आणि मधोमध लसीच्या इवल्या बाटल्या. अम्मी झाकण उघडून आधी बर्फ चाचपायची. बर्फ टणक लागला की तिच्या कपाळावरची आठी जायची. बुधवारी भाकऱ्या अब्बा थापायचे. त्यांच्या भाकरीला कडेनं शिंप्याची सफाई असायची, मधे मात्र ती कच्ची राहायची. भाकरी, शेंगाची चटणी आणि येसरची आमटी. ती जेवणं मला अम्मीच्या हातच्या खिचड्यापेक्षा जास्त आठवतात.

अम्मीच्या दंडावर देवीच्या लसीचे दोन मोठे वण होते. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या नानीच्या, चेहऱ्यावर देवीचे खड्डे होते आणि एक डोळा पांढरा झालेला. निजामाच्या राज्यात देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, माणूस गावात आला तेव्हा नानीच्या आईनं पोरीला ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं. पुढं गावात देवी आल्या. नानीचे दोन्ही भाऊ गेले, ती उरली. पोरीला शिकवून नर्स करायची हे त्या एका डोळ्याच्या बाईनंच ठरवलं. त्यामुळं ‘सुईनं ताप येतो बाई’ असं कुणी म्हणालं तर अम्मी वाद घालायची नाही. बाही वर करायची, वण दाखवायची आणि म्हणायची, “हे हाय म्हणून माझं तोंड असं सारखं हाय. माझ्या आईचं बघितलं असतं तर तुमी लेकरू घेऊन पळत आला असता.” बायका हसायच्या आणि पोराचा हात पुढं करायच्या. आज देवीचा रोग जगात कुठंच उरलेला नाही. माझ्या दंडावरचा वण बघून वर्गातली मुलं विचारतात, “बाई, भाजलं का?”

गोवराची लस तेव्हा नवीन आली होती. बाकीच्या लसी बाटलीत पातळ यायच्या, ही कोरडी, बुडाशी बसलेल्या पांढऱ्या भुकटीसारखी. तिच्याबरोबर पाण्याची वेगळी कुपी यायची. भुकटीत पाणी घातलं की चार तास. चार तासांत संपली नाही तर ओतून द्यायची, बर्फात ठेवलेली असली तरी. एका बाटलीत पाच लेकरांची लस. वरून आलेली दुसरी सूचना अशी की लस वाया घालवू नका, पुरेशी मुलं जमल्याशिवाय बाटली फोडू नका. या दोन्ही सूचना दवाखान्याच्या भिंतीवर शेजारीशेजारी डकवलेल्या होत्या. अम्मी दोन्ही पाळायची. दोन बायका आल्या तर त्यांना अंगणात बसवून ठेवायची, मला वर गल्लीत पिटाळायची, “जा, सुताराची सून येते का बघ,” आणि तीन-चार लेकरं जमली की मगच कुपी फोडायची.

त्या बुधवारी दिवाळी आठवड्यावर आली होती आणि शाळेला सुट्टी लागलेली. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते, ऊन पुन्हा उन्हाळ्यासारखं तापत होतं. सकाळी दहाला तीन लेकरं झाल्यावर अम्मीनं गोवराची बाटली फोडली. तिघांना टोचून झालं. मग बारा वाजता वरच्या आळीतून एक म्हातारी धावत आली, तिची सून अडली होती. अम्मी तशीच पिशवी उचलून गेली ती साडेतीनला परत आली. घामानं भिजलेली, पदराला रक्ताचे डाग. उभ्याउभ्याच ती तांब्याभर पाणी प्याली, तिनं हात धुतले आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. सकाळची बाटली पेटीत तशीच राहिली होती.

चारच्या सुमारास सोजर आली. धनगराच्या वस्तीवरची, असेल वीस-बावीस वर्षांची. वस्ती गावापासून दीड कोस. कडेवर नऊ महिन्यांचं गुबगुबीत बाळ, कमरेला काळा करदोडा. मी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होते आणि ते बाळ माझ्या हातातल्या शेंगेकडं बघून खिदळत होतं.

“बाई, गवराची सुई हाय व्हय?” सोजरनं विचारलं.

अम्मीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. “संपली गं. पुढल्या बुधवारी ये.”

“पुढल्या बुधवारी मी कुटं असन! उद्या मेंढरं घेऊन निगायचंय. पाऊस लागंपर्यंत माघारी येणं न्हाय.”

“मग उद्या परंड्याला जाऊन घे.”

“कोन नेणार मला परंड्याला?” ती भिंतीला टेकली. “बाई, माझं पयलं लेकरू गवरानंच गेलंय. सव्वा वर्साचं व्हतं. दीड कोस चालत आले मी उनातनं.”

अम्मी खोटं का बोलली हे मला तेव्हा कळलं नाही. घड्याळ मला वाचता येत होतं, चार तासांचा नियमही मला पाठ होता, पण त्या घटकेला मला फक्त एवढंच दिसलं की पेटीत लस आहे आणि ही बाई रिकामी परत चालली आहे. त्या बाईला कळावं म्हणून मी मुद्दाम मराठीत म्हणाले, “अम्मी, हाय की! दोन पोरांची राहिलीय बाटलीत.”

अम्मीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी तिच्याकडं बघून हसले.

सोजरचा चेहरा बदलला. “असून न्हाय म्हनताव व्हय, बाई? आमी वस्तीवरची म्हणून?”

“तसं न्हाय गं.”

“मग?”

अम्मी उठली. पेटी उघडली. आतला बर्फ वितळून गेला होता, चपट्या बाटल्यांत पाणी डुचमळल्याचा आवाज मला उंबऱ्यापर्यंत ऐकू आला. एक न फोडलेली बाटलीही होती, दुसऱ्या दिवशीच्या गावासाठी राखलेली. अम्मीनं दोन्ही बाटल्या हातात घेतल्याचं मला स्पष्ट आठवतं. एका लेकरासाठी नवी फोडायची म्हणजे चार लेकरांची वाया जाणार, आणि उद्याच्या गावात कमी पडणार. तिनं फोडलेली बाटली उजेडात धरून बघितली. मग नवी परत ठेवली. बाळानं सुई टोचल्यावर एकदाच भोकाड पसरलं आणि लगेच अब्बांच्या मशीनच्या आवाजाकडं कान देऊन गप्प झालं. सोजर आनंदानं गेली. जाताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर येत असताना ते आले. सोजर, तिचा नवरा आणि दीर. बाळ घोंगडीत गुंडाळलेलं. संध्याकाळपासून उलट्या, मग जुलाब, अंग तव्यासारखं तापलेलं, आणि आता हातपाय गार. अम्मीनं घोंगडी उघडली आणि लगेच अब्बांना म्हणाली, “दुधाची जीप थांबवा.” अब्बा अनवाणी पळाले. अम्मी जीपमध्ये बाळाला मांडीवर घेऊन बसली, चमच्यानं थेंब थेंब साखर-मिठाचं पाणी त्याच्या ओठांवर सोडत. परंड्याचा किल्ला दिसायला लागला तेव्हा बाळ गेलं होतं. हे मला पुढं अब्बांकडून कळलं. मी पाहिलं ते एवढंच, की दुपारी जीप आली, अम्मी एकटीच उतरली आणि पुढच्या दारानं न येता मागं वळसा घालून पडद्याकडून आत आली. चुलीपाशी बसली. अब्बांनी विचारलं. ती म्हणाली, “गेलं.” मग तिनं परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. भाकऱ्या झाल्या. आम्ही तिघांनी त्या खाल्ल्या. मला आठवतं, चटणीला मीठ नव्हतं आणि तिघांतलं कुणीही मीठ मागितलं नाही.

चौथ्या दिवशी चौकशीला माणसं आली. त्याआधी एक वरिष्ठ बाई घरात आल्या होत्या, त्यांचंही नाव मी लिहीत नाही. त्या वाईट नव्हत्या. चुलीपाशी पाटावर बसून हळू आवाजात म्हणाल्या, “जैबुनबाई, सकाळच्या पोरांची बाटली वेगळी होती म्हणा. ही दुपारी साडेतीनला फोडली. कोण बघायला होतं?” अब्बा ओसरीत होते, ते आत आले. “जैबुन, मान ले इनकी बात,” ते म्हणाले. मी त्यांना कधी कुणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

मोठे डॉक्टर आले, दवाखान्यातल्या खुर्चीत बसले, चष्मा पुसला. त्यांनी विचारायच्या आधीच अम्मीनं कागदात गुंडाळलेली ती बाटली टेबलावर ठेवली. “सकाळी दहाला फोडली. चार वाजता दिली. सहा तास,” ती म्हणाली. दवाखान्यात ती बायकांना गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायची, अगदी त्याच आवाजात.

डॉक्टरांनी बराच वेळ बाटली हातात धरली. मग वस्तीवरून आलेल्या माणसांना त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी मधल्या दाराला लावलेल्या तशाच पट्ट्यांच्या पडद्यामागून ते ऐकलं. या लसीत जंतू मारणारं औषध घालता येत नाही. पाणी मिसळल्यावर, सुई आत-बाहेर झाल्यावर, त्यात बाहेरचे जंतू शिरू शकतात. गारव्यात चार तास ते वाढत नाहीत फारसे. नंतर वाढतात, आणि त्यांचं विष लहान जिवाला पेलत नाही. मग ते अम्मीकडं वळले.

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“होतं.”

“मग का दिली?”

अम्मी गप्प राहिली. मी पडद्याच्या मागं होते. चार पावलं पुढं जाऊन मला सांगता आलं असतं की अम्मी नाही म्हणत होती, मीच बोलले. मी पडद्याच्या शिवणीचे टाके मोजत होते. एका वितीत किती बसतात ते बघत होते. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं, अम्मी दुसऱ्यांदा गप्प राहिली आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

चौकशी संपेपर्यंत अम्मीनं कामावर यायचं नाही असं ठरलं. राहायचं मात्र तिथंच, त्या भिंतीच्या अलीकडं. पलीकडच्या खोलीला कुलूप. बुधवार यायचा आणि जायचा, स्टोव्ह फक्त चहासाठी पेटायचा. अम्मी सकाळी उठायची, झाडायची, सारवायची, तांदूळ निवडायची, निवडलेले पुन्हा निवडायची. रडताना मी तिला पाहिलं नाही. मीही रडले नाही. रडायला काहीतरी आत हलावं लागतं, तसं काही हलत नव्हतं. शाळा सुरू झाल्यावर माझ्या बाकावरच्या मुली पुढच्या बाकावर जाऊन बसल्या, आणि मी रिकाम्या बाकावर दप्तर आडवं ठेवायला लागले, एवढाच फरक. अब्बांकडं कपडे यायचे थांबले. ते जुन्याच चादरी उसवायचे आणि पुन्हा शिवायचे, मशीनचा आवाज बंद पडू नये म्हणून. गावात आमच्याबद्दल कोण काय बोललं ते सगळं मला आठवतं आणि त्यातलं काही मी इथं लिहिणार नाही. वस्तीवरची माणसं भांडायला आली नाहीत. गडी माणसं मेंढरं घेऊन निघून गेली. सोजर मागं राहिली, तिच्या दोन महिन्यांपूर्वी बाळंत झालेल्या जावेपाशी.

पुष्कळ वर्षांनी, माझं लग्न होऊन मला मूल झाल्यावर, मी अम्मीला विचारलं होतं, “अम्मी, मी त्या दिवशी बोलले नसते तर?” ती माझ्या मुलीला तेल लावत होती. हात न थांबवता म्हणाली, “तू बारा वर्षांची होतीस. नियम माझा होता.” एवढंच. त्या उत्तरानं मला बरं वाटलं का, हे मला आजही सांगता येत नाही. करोनाच्या साथीत तालुक्याच्या दवाखान्यात लस घ्यायला रांगेत उभी होते तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “बाटली कधी फोडली?” माझ्या मुलीच्या वयाची नर्स. ती चिडली नाही. तिनं बाटली फिरवून दाखवली, पेनानं वेळ लिहिलेली होती. “काकू, तुम्ही पण नर्स होता का?” तिनं विचारलं. मी नाही म्हणाले आणि बाही वर केली. आता सुया एकदाच वापरून टाकून देतात आणि फोडलेल्या बाटलीवर वेळ लिहितात. या साध्या गोष्टी आहेत. त्या कुणाकुणाच्या घरातून इथवर आल्या आहेत ते वेळ लिहिणाऱ्याला माहीत असेलच असं नाही, आणि नसलं तरी चालेल, वेळ लिहिली म्हणजे झालं.

त्या वर्षी थंडी संपता संपता हुकूम आला. सक्त ताकीद, आणि त्याच ठिकाणी रुजू व्हा. त्या गावी यायला दुसरी नर्स तयार नव्हती. अम्मीनं पांढरी साडी नेसली, कुलूप उघडलं, जाळीचे खण घासले. पहिल्या बुधवारी निळी पेटी आली आणि जशीच्या तशी परत गेली. दुसऱ्या बुधवारी तेच. सुया वाफेवर ठेवल्या जायच्या, निवायच्या, संध्याकाळी पुन्हा कपाटात जायच्या. अम्मी दारात खुर्ची टाकून बसायची. समोरच्या रस्त्यानं बायका जायच्या आणि लेकराच्या तोंडावर पदर ओढायच्या.

चैत्रात गोवर आला. आधी गावठाणात एका घरी, मग चार, मग मोजायचं सोडून दिलं. दारांवर कडुलिंबाचे डहाळे लागले. आमच्याकडं गोवराच्या घरात फोडणी देत नाहीत. संध्याकाळी गल्लीतून जाताना कुठूनच तेल तडतडल्याचा आवाज नाही, लसणाचा वास नाही. सगळं गाव आळणी जेवत होतं. अम्मी औषधांची पिशवी घेऊन दारोदार जायची. आत कुणी घ्यायचं नाही. ती उंबऱ्याबाहेर बसून आतल्या अंधाराकडं तोंड करून सांगायची, “अंगावरचं दूध बंद करू नगा. पाणी द्या. डोळ्यात घालायचं औषध हाय, जीवनसत्त्वाचा डोस हाय, हातात घ्या तरी.” कुणी घ्यायचं, कुणी दार लोटून घ्यायचं. त्या महिन्यात गावात दोन लेकरं गेली आणि एका मुलीचा डोळा गेला. अम्मी घरी येऊन हे सांगायची आणि जेवायला बसायची. आम्ही ऐकायचो आणि जेवायचो.

साथ ओसरली नव्हती, मृग जवळ आला होता. त्या बुधवारी अम्मी दारात बसली होती आणि मी सुट्टी म्हणून घरीच होते. वस्तीच्या वाटेनं दोन बायका येताना दिसल्या. पुढं सोजर. मागं तिची जाऊ, कडेवर नऊ महिन्यांची पोर. अम्मी खुर्चीतून उठली आणि उठल्यावर काय करायचं ते तिला कळेना. अब्बांचं मशीन थांबलं.

सोजर अंगणात आली, पायरीपाशी थांबली. ती खूप वाळली होती.

“सकाळची तीन लेकरं नीट हायत,” ती म्हणाली.

अम्मीला कळलं नाही. “कोणती?”

“त्या दिवशी सकाळी टोचली ती. सुताराचं, माळ्याचं आन् पाटलाच्या गड्याचं. मी घरोघर जाऊन बघून आले. त्यास्नी गवर पण न्हाय आला. शेजारी सगळ्यास्नी आला, त्यास्नी न्हाय.” ती थांबली. “म्हंजी लस वंगाळ नव्हती. माझ्या लेकराला शिळी दिली तुमी.”

“व्हय,” अम्मी म्हणाली. “शिळी दिली.”

जावेच्या कडेवरची पोर हात नाचवत होती. मग सोजर म्हणाली, “मला तुमचं तोंड बगायची इच्छा न्हाय. पर दुसरी नर्स कुटं हाय हितं? हिला द्या. बाटली माझ्यासमोर फोडा.”

अम्मीनं पेटी बाहेर आणली, पायरीवर ठेवली. सोजर पहिल्यांदाच जवळ आली, वाकली आणि तिनं स्वतः हात घालून बर्फ चाचपला. टणक होता. अम्मीनं बाटली काढून तिच्या तळहातावर ठेवली. सोजरला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

“पोरी, तू सांग. ही फोडलेली न्हाय ना?”

मी पुढं गेले. बाटली बघितली. झाकणावरचं पत्र्याचं सील शाबूत होतं, भुकटी कोरडी होती. मी म्हणाले, “फोडलेली न्हाय. ताजी हाय.”

अम्मीनं एका लेकरासाठी बाटली फोडली. बाकी कुणी येईल न येईल याची वाट बघितली नाही. कुपीतलं पाणी ओढताना तिचे हात स्थिर होते. जावेनं मान फिरवली, म्हणून सोजरनंच पोरीचा दंड धरला. सुई आत गेली तशी सोजरनं डोळे मिटले नाहीत. अम्मी म्हणाली, “आता दहा वाजलेत. दोनपर्यंत चालंल ही.” सोजर म्हणाली, “मी दोनपर्यंत बसते.” आणि ती बसली, अंगणातल्या लिंबाखाली, पोरीला मांडीवर घेऊन. अब्बांनी चहा आणून ठेवला. तिनं तो घेतला नाही.

गावातल्या बायकांनी तिला तिथं बसलेलं पाहिलं. दुपारपर्यंत दोघीजणी आपापली लेकरं घेऊन आल्या, एक तर धावतच आली. दोन वाजता बाटलीत अजून लस होती. अम्मीनं ती अंगणाच्या कोपऱ्यात सोजरच्या देखत ओतून दिली. सोजर उठली, पोरीला जावेकडं दिलं आणि वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी आली. अंगणाच्या कडेलाच उभी राहून म्हणाली, “दूध पितीया.” आणि परत गेली. तिसऱ्या दिवशीही आली, चौथ्याही. दीड कोस येणं, दीड कोस जाणं. आठव्या दिवशी आली ती धापा टाकत. “ताप भरलाय. अंगावर पुरळ उठलंय.”

अम्मी पिशवी घेऊन निघाली. मी तिच्यामागं निघाले, तिनं मला अडवलं नाही. वस्तीवर मी तेव्हा पहिल्यांदा गेले. कुडाचं घर, बाहेर बाज, कुत्री. पोर बाजेवर पडून लिंबाची काडी चोखत होती. अम्मीनं तिचा ताप बघितला, जीभ बघितली, छातीला कान लावला, पोट चाचपलं. मग सोजरला सांगितलं की हे लसीचंच आहे, काहींना आठ-दहा दिवसांनी थोडा ताप आणि बारीक पुरळ येतं, दोन दिवसांत जातं. सोजरनं विचारलं, “आन् न्हाय गेलं तर?” अम्मी म्हणाली, “तवर मी हितंच बसते.” तिनं चप्पल काढली आणि बाजेच्या पायथ्याशी भुईवर बसली. आम्ही तिथं दिवसभर बसलो. दुपारी जावेनं माडगं केलं, हुलग्याचं, आणि माझ्यापुढं एक वाटी सरकवली. मी प्याले. कोमट होतं, त्यात गूळ होता, आणि तो गोड लागला. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी गोड लागलं होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा पोरीचं अंग गार झालं. ती उठून बसली आणि अम्मीच्या पिशवीचा बंद ओढायला लागली. अम्मी उद्या परत येते म्हणाली. आम्ही निघालो. सोजर आमच्यामागं वस्तीच्या कुंपणापर्यंत आली. तिथं बाभळीच्या काट्यांचं फाटक होतं, ते तिनं बाजूला केलं. आम्ही बाहेर पडलो. तेवढ्यात मागून ती म्हणाली, “त्याचं नाव बिरू व्हतं.”

अम्मी थांबली. दवाखान्याच्या वहीत, चौकशीच्या कागदात, ताकिदीच्या पत्रात, सगळीकडं फक्त ‘सोजर यांचे बाळ’ असंच लिहिलेलं होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

“बिरू,” अम्मी म्हणाली.

सोजरनं मान हलवली आणि काटेरी फाटक परत जाग्यावर ओढून घेतलं.